बोलण्यापुरता फोन

आकाराम चौगुले मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारायचा. उदयसिंह मालकांच्या अडत दुकानात तो आधी हमाल होता. एकदा पुकारणारा माणूस आला नाही म्हणून मालकांनी त्याला पुढं केलं, आणि ते काम त्याच्याकडंच राहिलं. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगा लावलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका रांगेवरून दुसरीकडं सरकणारा आणि मध्ये आकाराम, भाव चढवत नेणारा. त्याच्या आवाजाखाली शेजारच्या गाळ्यातला सौदा ऐकू यायचा नाही. शेजारचे अडते तक्रार करायचे. मालक म्हणायचे, "त्याला देवानंच दिलाय, मी काय करू?" घरीही त्याला हळू बोलणं माहीत नव्हतं. उचगावच्या त्या गल्लीत आकारामच्या घरी आज काय शिजलंय हे सगळ्यांना ऐकू जायचं.

पुकारायच्या आधी तंबाखूची चिमूट, पुकारून झालं की परत चिमूट. घसा बसायला लागला तेव्हा त्याला वाटलं, हंगामानं बसलाय. हंगाम संपला तरी घसा सुटेना. मग तपासण्या झाल्या, मोठं हॉस्पिटल झालं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याच्या मुळाशी एक भोक ठेवलं. श्वास आता तिथूनच आत जायचा, तिथूनच बाहेर यायचा. तोंड जेवण्यापुरतं उरलं.

बघायला येणारे पाहुणे म्हणायचे, "आकारामनं लई धीरानं घेतलं." तो धीर नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. दाढी करताना मानेवर कापलं तरी कळायचं नाही. टॉवेलाला रक्त लागलेलं दिसलं की मग कळायचं. डॉक्टर म्हणाले होते, मानेची कातडी काही महिने बधिर राहील. आकारामला वाटायचं, ते बधिरपण मानेवर थांबलेलं नाही. पण हे सांगायचं कुणाला, आणि कशानं?

हॉस्पिटलात एक यंत्र दाखवलं होतं. गळ्याला टेकवायचं, ओठ हलवायचे, की आतून घरघरत शब्द यायचे. त्यानं एकदा लावून बघितलं. त्याची बायको शालूबाई दचकून दारापर्यंत मागं गेली. त्यानं यंत्र खाली ठेवलं आणि परत हातात घेतलं नाही. डॉक्टर बोलता यावं म्हणून गळ्यात झडप बसवण्याचंही बोलले, पण ते पुढचं पुढं बघू म्हणाले.

मुलगी वर्षाराणी आजऱ्याला दिलेली, तिथं काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होती. तिनं येताना एक पाटी आणली. प्लॅस्टिकची, हलकी, लिहायचं आणि बोटानं पुसायचं. आकाराम सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर ठसठशीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी त्याचं भागायला लागलं. शालूबाईला मात्र अक्षर येत नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि पाटी आणताना कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दोघांचं मग खुणांवर चालायचं. तोंडाकडं हात नेला की जेवण. कपाळावर पालथा हात म्हणजे पंखा लाव. खूण कळली नाही की शालूबाई एकेक नाव घेत जायची, "पाणी? गोळी? चादर? मग काय?" आणि आकाराम बहुतेक वेळा मधेच कुठंतरी मान हलवून तो विषय संपवायचा. जे मिळेल ते घ्यायचा.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. भर दुपारी भोकात कफाची खपली धरली आणि त्याला श्वास पुरेनासा झाला. शालूबाई भांडी घासत होती. त्यानं ताट वाजवून तिला बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, 'श्वास अडकला आहे. दवाखान्यात ने.' पाटी तिच्यापुढं धरली. तिनं अक्षरांकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं. काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं. पाटी काखेत मारून ती धावत बाहेर पडली. शेजारच्या तानाबाईच्या दाराला कुलूप होतं. पलीकडच्या घरात म्हातारी एकटीच, तिलाही वाचता यायचं नाही. त्याच्या पलीकडं रिक्षावाला बाळासो जेवायला घरी आला होता. शालूबाईनं त्याच्यापुढं पाटी धरली.

"बाळासो, बघ की रं काय लिवलंय, लवकर!"

बाळासोनं उष्ट्या हातानंच पाटी जवळ ओढली. "वैनी, ही कोरी हाय."

काखेत लुगड्याला घासून सगळं पुसलं गेलं होतं. शालूबाई त्या पाटीकडं बघत राहिली. मग ती तिथंच ओरडायला लागली. बाळासो हात न धुताच उठला.

दवाखान्यात नर्सनं नळी घालून खपली काढली, भोक साफ केलं, रोज वाफ घ्यायला सांगितलं. काम अवघड नव्हतं, वेळेवर पोचणं अवघड होतं. परत येताना रिक्षात आकाराम रस्त्याकडं बघत बसला होता. आपण मरता मरता वाचलो, हे तो मनात दोनदा म्हणून बघत होता. त्यावर आतून काही उत्तर येत नव्हतं.

बाळासो आरशातून म्हणाला, "वैनी, ह्यास्नी साधा फोन हाय तो काढून टाका. आता लिवलेलं वाचून दावणारा फोन मिळतोय. ह्यांनी लिवायचं, फोननं बोलायचं."

"मराठीत?"

"मराठीत की. बघाय तर पायजे."

शालूबाई म्हणाली, "मग घ्यायचा." आकारामला कुणी विचारलं नाही आणि त्यालाही ते खटकलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं बसनं कोल्हापुरात राजारामपुरीत गेले. आकारामच्या गळ्याला पांढरा सुती फडका बांधलेला, पायात जत्रेसाठी ठेवलेल्या चपला. मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात काचेचं दार ढकलून आत गेले. दहा हजारांच्या आतला दाखवा, असं शालूबाईनं सांगितलं. टाय बांधलेल्या विक्रेत्यानं पाच-सहा फोन ओळीनं मांडले आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. मागं तीन कॅमेरे, पुढं एक, रात्रीचाही फोटो स्वच्छ. मग कुठला खेळ न अडकता चालतो ते सांगितलं.

शालूबाई म्हणाली, "आमाला फोटू काढायचं न्हाईत. ह्यांचं बोलणं पायजे."

तो आकारामकडं वळला आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "काका, आवाज, मोठा, येतो, ह्याचा!"

"ऐकू येतंय त्यास्नी. बोलता येत न्हाई."

"सॉरी हं मावशी," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्यही तेवढ्याच मोठ्यानं बोलला. लिहिलेलं मराठी वाचून दाखवतो का, यावर तो म्हणाला, सगळ्यात असतं ते. दाखवा म्हटल्यावर त्याला ते सापडेना. तेवढ्यात एक कुटुंब आत आलं आणि तो तिकडं गेला. आकारामनं शालूबाईच्या कोपराला हात लावला. दोघं बाहेर आले.

बाहेर तो घरी जायच्या बसथांब्याकडं चालायला लागला. शालूबाईनं त्याला उलट्या बाजूला वळवलं.

आतल्या गल्लीत क्लासच्या जिन्याखाली एक बारकं दुकान होतं. मेहक नावाची तिशीतली बाई ते चालवायची. तिचे वडील लालासाब तिथं पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता गुडघ्यांमुळं घरी असत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मेहकनं स्टूल पुढं केलं, आकारामच्या गळ्याकडं एकदा बघितलं आणि नजर न चोरता विचारलं, "काका, लिहाय येतंय न्हवं तुम्हाला?"

त्यानं मान हलवली.

"आणि दिवसभर बोलणं कुणाशी असतंय?"

त्यानं शालूबाईकडं बोट केलं.

"वाचता येत न्हाई मला," शालूबाई म्हणाली. पाटीची गोष्टही तिनं सांगितली, थोडक्यात, कपड्याच्या दुकानात माप सांगावं तशी.

मेहकनं फोनांचं कपाट उघडलं. मग म्हणाली, "मला खरं सांगायचं तर नक्की माहीत न्हाई मराठी आवाज कसा येतोय. कुणी मागितलाच न्हाई आजवर. करून बघूया." तिनं तीन फोन काढले. एक सगळ्यात स्वस्त, एक दिसायला देखणा आणि पातळ, आणि एक जाडजूड, विटेसारखा, मोठ्या बॅटरीचा. प्रत्येकात नेटवरून मराठी आवाज उतरवून घेतला, म्हणजे पुढं नेट नसलं तरी फोन बोलेल. पडद्यावर बोटानं अक्षर काढलं की वर छापील अक्षर उमटेल अशी सोय लावून दिली. हे सगळं करताना ती मधेमधे चुकत होती, परत पहिल्यापासून करत होती.

"आता लिहा काका. काय बी."

आकारामनं बोट पुढं केलं. काय लिहावं हे त्याला सुचेना. इतक्या दिवसांत त्याला काही म्हणायचं आहे असं वाटलंच नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'चहा कर.'

"चहा कर," फोन म्हणाला. बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज, स्वच्छ, पुण्याकडचा.

शालूबाईनं आधी फोनकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "बाई हाय व्हय आत?"

मेहकनं पुरुषाचा आवाज शोधला. त्या फोनांवर मराठीत तो सापडला नाही. आवाज जाड करायची सोय होती, पण जाड केल्यावर दारू प्यालेल्या माणसासारखं ऐकू यायला लागलं. "काय करू काका?" तिनं विचारलं. आकारामनं हातानं खूण केली, राहू दे. त्याला वाईट वाटायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. यार्डातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाला ही बाई मिळाली होती. पण ते समजणं कुठंतरी लांब होतं, भिंतीपलीकडल्या घरात भांडं पडल्यासारखं.

मेहक म्हणाली, "आता आवाज किती लांब जातोय ते बघू. घरात स्वयंपाकाच्या खोलीत मिक्सर चालू असला तर तिथं ऐकू जाया पायजे." तिनं शालूबाईला रस्त्यापलीकडं उभं केलं आणि ऐकू आलं की हात वर करायला सांगितलं. मधून रिक्षा, दुचाक्या, क्लास सुटलेली पोरं. देखणा फोन पहिला. शालूबाई नुसती उभी. मग स्वस्त फोन. तिनं हात अर्धा वर केला आणि परत खाली घेतला. आवाज पोचत होता, पण फाटत होता, शब्द कळत नव्हते. मग जाडजूड फोन.

"चहा कर!"

"हितं रस्त्यात कुठनं करू?" शालूबाई पलीकडून ओरडली. दोन पोरं थांबून बघायला लागली. मेहक तोंडावर हात धरून हसली. आकारामच्या ओठांनीही हसायची हालचाल केली. सवय होती ती.

तोच फोन घेतला. मेहकनं जाताना तीन गोष्टी बजावल्या. अंघोळीला, वाफ घ्यायला बसताना फोन लांब ठेवायचा. गळ्यात दोरीनं अडकवायचा, पण दोरी भोकावर येता कामा नये म्हणून आखूड न करता पोटापर्यंत सोडायची. आणि याच फोनवरून कुणाला फोन लावून याच फोननं बोलायला गेलं तर समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून फोनवर बोलायचं असेल तर मावशींच्या साध्या फोनवरून लावायचा आणि हा त्याच्या तोंडाशी धरायचा.

"म्हंजे बोलाय दोन फोन लागत्यात," शालूबाई म्हणाली.

"व्हय मावशी. पण पाटीसारखं पुसलं जाणार न्हाई."

घरात बोलणं सुरू झालं. फोनमधल्या बाईला कोल्हापूरचं मराठी झेपत नव्हतं. 'न्हाय' लिहिलं की ती अडखळायची, 'व्हय' लिहिलं की काहीतरी तिसरंच म्हणायची. मग आकाराम 'नाही' लिहायला लागला, 'होय' लिहायला लागला. जन्मात कधी बोलला नव्हता तसं शुद्ध. 'मला पाणी दे.' 'औषध संपले आहे.' 'दार बंद कर.' शालूबाई पहिले काही दिवस पदर सावरून "व्हय बाई, देते" म्हणायची. मग सवयीनं म्हणायला लागली. एकदा तानाबाईला म्हणाली, "लई गोड बोलती, पर नुसतं हुकूम सोडती. दुसरं कायबी बोलत न्हाई."

ते खरं होतं. आकाराम लागेल तेवढंच लिहायचा. वर्षाराणीचा फोन आला की दोन्ही फोन एकमेकांना लावून 'मी बरा आहे' एवढं ऐकवायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर वर्षाराणी म्हणाली, "आबा, त्या बाईचं नको वाटतंय मला. तुमी मला लिवूनच पाठवा." मग तो लिहून पाठवायला लागला. तेही तेवढंच.

गुळाचा हंगाम भरात आला तेव्हा उदयसिंह मालकांनी बोलावलं म्हणून तो यार्डात गेला. हमालांनी ओळखलं, कुणी पाया पडलं, कुणी उगाच खांद्याला हात लावला. गाळ्यासमोर रवे मांडलेले. त्याच्या जागी विश्वजित नावाचा पोरसवदा माणूस पुकारत होता. बरा पुकारत होता. शेवटाला जरा घाई करायचा. आकाराम रांगेच्या टोकाला उभा राहिला आणि त्याला जाणवलं, इथं काहीतरी नाही. माणसं तीच, गाळा तोच, ढिगानं गूळ. तो एका रव्याजवळ वाकला. मग आणखी वाकला, नाक टेकेपर्यंत. वास येत नव्हता. श्वास गळ्यातून जात होता, नाकातून नव्हे. जिथं तीस-पस्तीस वर्षं कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा गुळाचा वास यायचा, तिथं आता काहीच नव्हतं. घरी आपल्याला कशाचाच वास येत नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मालक कौतुकानं म्हणाले, "आकाराम, फोनवरनं एक सौदा पुकार की! गंमत."

सगळे थांबले. आकारामनं बोटानं आकडा काढायला घेतला. व्यापारी चुळबुळ करायला लागले, एकानं पुढचा भाव बोलूनही टाकला, त्यावर दुसऱ्यानं चढवला. फोननं आकडा उच्चारला तेव्हा सौदा त्याच्या कितीतरी पुढं गेला होता. कुणी हसलं नाही. विश्वजितनं पुढची रांग धरली. आकारामनं फोन परत गळ्यात सोडला, चहा घेतला आणि बसनं घरी आला. वासाचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. लिहायला बोट उचललं नाही.

त्यानंतर तपासणीची तारीख होती. हॉस्पिटलात नर्सनं त्याला थांबवून घेतलं. अमरसिंह म्हणून एक कंडक्टर होता, त्याचं हेच ऑपरेशन दोन दिवसांवर होतं आणि तो हातपाय गाळून बसला होता. त्याच्याशी चार शब्द बोला, असं ती म्हणाली. अमरसिंहची बायको त्याच्या पाठीमागं उभी होती. त्यानं आकारामच्या गळ्याकडं बघत बसलेल्या आवाजात विचारलं, "दादा, लई त्रास हुतोय काय? नंतर?"

आकारामनं बराच वेळ पडद्यावर बोट धरलं. मग लिहिलं.

"नाही. काहीच वाटत नाही," फोन म्हणाला.

अमरसिंहच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघा, आयकलासा? काय वाटत न्हाई म्हणत्यात." दोघं आकारामला हात जोडायला लागले. त्यानंही हात जोडले. आपण काय म्हणालो आणि त्यांनी काय ऐकलं, हे त्याला कळलं होतं. दुरुस्त करावं इतकं ते महत्त्वाचं आहे की नाही हे ठरेना, आणि तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी शालूबाईचा फोन वाजला. आकाराम आतल्या खोलीत पडला होता. उदयसिंह मालक बोलत होते. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू यायचा. आकारामसाठी काम होतं. सकाळी यायचं, आलेला गूळ बघायचा, रंग, कणी, वास, आणि कुठला रवा पहिल्या रांगेत लावायचा ते हमालांना दाखवायचं. बोलायचं कामच नाही. त्याच्यासारखी पारख दुसऱ्या कुणाला नाही.

शालूबाई म्हणाली, "न्हाई मालक. न्हाई जमायचं त्यास्नी. तिथली धूळ गळ्यात जाती. मी न्हाई पाठवत. व्हय, इचारलंय मी, त्यांचं बी हेच म्हणणं हाय." आणि फोन ठेवला.

आकाराम उठून बाहेर आला. चौकटीत उभा राहिला. शालूबाई वांगी चिरत बसली होती, तिनं वर बघितलं नाही.

त्यानं लिहायला घेतलं. अक्षरं मोठी पडत होती, एकमेकांवर चढत होती. फोन भलतंच काहीतरी म्हणाला. त्यानं पुसलं, परत लिहिलं. परत भलतंच. त्यानं भिंतीवर तळहात आपटला. शालूबाई आता बघायला लागली. चिरायचं थांबवून तिनं हात पुसले आणि वाट बघत बसली, कारण वाट बघितल्याशिवाय तिला उत्तरही देता येत नव्हतं.

"तू कधी विचारलेस मला," फोन म्हणाला, बातम्यांतल्यासारखं, शांत.

"काय इचारायचं त्यात? तुमचं मला कळत न्हाई व्हय?"

तो परत लिहायला लागला. ती परत थांबली. गॅसवर भाजीचं तेल तापत होतं, तिनं उठून गॅस बंद केला.

"माझे उत्तर मी देणार."

"द्या की मग! द्या! इतकं म्हयनं कुणी अडवलंय? 'पाणी दे', 'दार लाव', ह्याच्या फुडं त्या बाईच्या तोंडातनं कधी कायतर आलंय? मी बोलू न्हाईतर काय भिताडं बोलणार हायती ह्या घरात?"

आकारामचा श्वास भोकातून फडक्यावर फटाफट आपटत होता. त्याला राग आला होता. हा राग आहे हे ओळखायला त्याला एक क्षण लागला, इतक्या दिवसांत भेटलाच नव्हता. त्यानं शालूबाईचा फोन उचलला, मालकांचा नंबर लावला, स्वतःचा फोन त्याच्या तोंडाशी धरला आणि खाटेवर बसून लिहायला लागला.

"हॅलो. मी आकाराम."

"कोण? कोण बाई बोलताय?"

"मी आकाराम, मालक."

मग उदयसिंहांचा आवाज एकदम खाली आला. "बोल बाबा. बोल. मी थांबतो."

ते खरंच थांबले. आकारामनं या वेळी सावकाश लिहिलं. शालूबाई समोर उभी होती.

"मी येणार नाही. मला वास येत नाही. ऑपरेशनपासून कशाचाच येत नाही. वास न घेता गूळ सांगितला तर शेतकऱ्याचे नुकसान होईल. दुसरा माणूस बघा."

मालक काहीतरी बोलले, बरं म्हणाले, येऊन जा म्हणाले. आकारामनं फोन बंद केला.

शालूबाई खाली बसली. "कशाचाच?"

त्यानं मान हलवली.

"माझ्या आमटीचा बी? आन परवा दूध करपलं, मी शिव्या दिल्या तुमाला, जवळ बसून कळलं कसं न्हाई म्हणून. तवा बी?"

त्यानं परत मान हलवली.

"मला सांगायचं न्हाई?"

"आता सांगितले," फोन म्हणाला.

शालूबाईनं उठून गॅस लावला, वांगी टाकली. ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि एरवी वाढून आत जायची, ती आज समोरच बसली. "वांगं हाय," ती म्हणाली. "कूट घातलंय. लसणाचा वास दणकून सुटलाय. जरा खाली लागलंय, त्याचा बी येतोय."

आकारामनं घास मोडला. राग केव्हाच उतरला होता आणि त्याच्या जागी परत तेच रिकामं आलं होतं, पण जेवता जेवता त्यानं डाव्या हातानं फोन जवळ ओढला आणि अवघडून, उलट्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात काहीतरी लिहिलं.

"मीठ कमी आहे," फोन म्हणाला.

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय?" शालूबाई म्हणाली आणि मिठाची बरणी आणायला उठली.